सुगंधाचं क्रियापद

सुगंधा गेली श्रावणात. गॅस एजन्सीला ते कळलं मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला, आणि तेही रांगेत मागे उभ्या असलेल्या एका परक्या माणसाकडून.

गुणाजी परब नेहमीसारखा सिलिंडरचा नंबर लावायला गेला होता. कांदिवलीच्या त्या एजन्सीत खिडकीमागे चंपाबेन बसायच्या. त्यांनी कार्ड उघडलं, आत बघितलं, बाहेर बघितलं.

"काका, नवीन रूल आला. ज्याच्या नावाचा कार्ड, त्याचीच साइन. सुगंधाबेनला पाठवा."

"ती गेली," गुणाजी म्हणाला.

"कुठे गेली?"

"गेली म्हणजे... गेली."

"मग येल तेव्हा पाठवा ना! घाई काय आहे?"

गुणाजी कार्डाकडे बघत राहिला. तेव्हा मागचा माणूस पुढे वाकून हिंदीत म्हणाला, "अरे बहनजी, इनकी औरत मर गयी है. अब कैसे आयेगी?" सात महिने गुणाजीनं कुणालाही हा शब्द वापरू दिला नव्हता. त्या माणसानं तो सरळ काढून खिडकीच्या लाकडी पाटावर ठेवला.

चंपाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं आणि त्याच हातानं नियम सांगितला. कार्ड गुणाजीच्या नावावर करून घ्यायचं. त्यासाठी अर्ज. अर्ज इंग्लिशमध्ये, कारण आतले साहेब फाइलवर इंग्लिशच घेतात. मृत्यूचा दाखला जोडायचा. एकतीस मार्चच्या आत झालं नाही तर कनेक्शन बंद, सिलिंडर परत.

"पण मी काय बोलते," चंपाबेन म्हणाल्या, "एप्लिकेशन एकदम क्लियर पाहिजे. मी साहेबला तोंडी सांगितला तर चालत नाही."

आता कनेक्शन बंद होणं म्हणजे काय, हे ज्यानं त्या काळात नंबर लावलाय त्यालाच विचारावं. सुगंधानं नंबर लावला तेव्हा त्यांची मुलगी अनुपमा सहावीत होती. सिलिंडर घरी आला तेव्हा अनुपमाचं लग्न ठरलेलं होतं. गुणाजी गिरणीत पहिल्या पाळीला असायचा, म्हणून फॉर्म भरायला सुगंधा एकटी गेली आणि सहीही तिनंच केली. दुसरी शिकलेली बाई. ‘सुगंधा गुणाजी परब’ हे तिनं असं काही दाबून लिहिलं की कार्डाच्या मागच्या बाजूनं हात फिरवला तरी वाचता यावं. आयुष्यात तिनं कुठे दुसरी सही केल्याचं गुणाजीला आठवत नव्हतं. सिलिंडर आला त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू लावलं, मजल्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला आणि स्टोव्ह पोटमाळ्यावर असा टाकला की परत नाव काढलं नाही. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं चंदू सिलिंडर घेऊन यायचा, खालूनच ओरडायचा, "सुगंधा परऽऽब! सिलिंडऽऽर!" आणि ती वरून मालवणीत "इलंय रेऽऽ!" म्हणायची, म्हणजे आले रे. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत सगळ्या बिल्डिंगीला तिचं नाव ऐकू जायचं. गिरणीत तीस वर्षं काढून गुणाजीचं नाव कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं.

तेव्हा कनेक्शन सोडायचं नाही, हे पक्कं.

गुणाजीचं इंग्रजी म्हणजे गिरणीतलं: लूम, बॉबिन, शिफ्ट, ब्रेकडाउन. एवढ्यात बायकोचा विषय बसत नाही. म्हणून तो दुसऱ्या मजल्यावरच्या नंदकुमारकडे गेला. नंदकुमार विम्याचा एजंट. त्याच्याकडे स्वतःचा टाइपरायटर होता. ओळ संपत आली की वाजणारी घंटी तेवढी बंद पडलेली होती.

"काका, सांगा. मी ट्रान्स्लेट करतो. मजकूर शॉर्ट आणि स्वीट."

"लिही, माझी बायको गेली."

"बस? झकास." नंदकुमारनं दोन बोटांनी टाइप केलं: ‘माय वाइफ हॅज गॉन.’ खाली गुणाजीनं सही केली. पुढे ‘काइंडली ट्रान्स्फर द गॅस’ वगैरे होतं. दाखला तेवढा जोडला नव्हता, कारण तो गावी मेव्हण्याकडे होता. सात-बारावरून बहिणीचं नाव कमी करायला म्हणून मेव्हणा अनंतानं तो नेला, आणि अनंताकडे गेलेल्या वस्तू परत येतात त्या फक्त अनंताबरोबर.

तीन दिवसांनी अर्ज परत आला. कोपऱ्यात लाल शाईत दोन प्रश्न होते. नंदकुमारनं वाचून दाखवले: कुठे गेल्या आहेत? परत येण्याची अपेक्षित तारीख काय?

गुणाजीनं कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. मग म्हणाला, "तारीख माझ्याकडे पण नाही."

"चुकलं ते व्हर्बमध्ये," नंदकुमार म्हणाला. "गॉन म्हणजे बाजारात गेलेला माणूस पण गॉन. आपण ‘लेफ्ट’ टाकू. लेफ्ट म्हणजे सोडून गेली. त्यात परत यायचा प्रश्नच नाही."

‘माय वाइफ हॅज लेफ्ट मी.’

लाल शाई: हा तुमचा घरगुती वाद आहे. पत्नीचं संमतिपत्र किंवा कोर्टाचा कागद जोडा.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी गुणाजीनं सहन केलं असतं. पण अर्ज परत देताना एजन्सीच्या शिपायानं तो खिडकीत मोठ्यानं वाचला, आणि रांगेतल्या बायकांना विषय मिळाला.

"भाऊ, दारूबिरू घेता का?" एकीनं विचारलं.

"नाही हो."

"मग हात उचलत असणार."

"मी? तिच्यावर?"

"गरीब दिसणारेच जास्त असतात," दुसरी तिसरीला म्हणाली. तिसरी जरा मायाळू होती. ती म्हणाली, "माहेरी जाऊन पाया पडा सासूच्या. एक चांगलं पातळ न्या. बाई माणूस, येईल परत."

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात गुणाजीच्या अब्रूला कुणी बोट लावलं नव्हतं. गिरणीत एकदा त्याच्यावर दोन बॉबिन चोरल्याचा आळ आला होता, तेव्हाही सुगंधानं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, घरी जाऊन त्याला उभा-आडवा घेतला होता. आज ती असती तर या तिघींचं काही खरं नव्हतं. तो मान खाली घालून घरी आला आणि शेजारच्या शकुला सगळं सांगून बसला.

शकु म्हणजे सुगंधाची जिवाभावाची मैत्रीण. "त्या नंद्याला काय कळतंय?" ती म्हणाली. "दोन विमे विकले की झालं इंग्लिश? भावोजी, तुम्ही विद्याधरमास्तरांकडे जा. हेडमास्तर होते. त्यांच्याकडे डिक्शनरी आहे, पाटासारखी."

डिक्शनरी खरोखरच पाटासारखी होती. विद्याधरमास्तर तळमजल्यावर राहायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत इंग्रजीसाठी कुणी त्यांच्या दाराशी आलं नव्हतं. त्यामुळे गुणाजी आला तेव्हा त्यांनी आधी शर्ट घातला.

"बसा परब. क्रियापद ही खेळायची गोष्ट नाही. सकर्मक की अकर्मक, हे आधी ठरवलं पाहिजे."

"मास्तर, मला गॅस पाहिजे."

"तोच मिळवून देतोय. ऐका. ‘गॉन’ अकर्मक. ‘लेफ्ट’मध्ये दोष तुमच्याकडे येतो. सभ्य इंग्रज माणूस काय म्हणेल? ‘आय हॅव लॉस्ट माय वाइफ.’ कर्ता तुम्ही, कर्म ती."

"लॉस्ट म्हणजे?"

"गमावली. हरवली."

"मी नाही हरवली तिला," गुणाजी एकदम म्हणाला. "चौदा दिवस हॉस्पिटलात उशाशी होतो. लघवीला जायचं तरी शकुला बसवून जायचो."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तसं नाही हो. भाषेची रीत असते. इंग्रज लोक असंच म्हणतात."

इंग्रजांच्या बायकांचं काय होत असेल, असा विचार करत गुणाजीनं सही केली.

लाल शाई: पोलीस तक्रारीची प्रत जोडा.

आता इथे दुसरा कुणी असता तर मास्तरांकडे परत गेला असता. पण गुणाजी तीस वर्षं नोटीस बोर्ड वाचून वागलेला माणूस. प्रत जोडा म्हटलंय ना? तो सरळ पोलीस चौकीत गेला. टेबलाशी हवालदार धोंडू सावंत वही घेऊन बसला होता.

"काय बाबा?"

"बायको हरवल्याची तक्रार पाहिजे. गॅससाठी."

हवालदारानं ‘गॅससाठी’ ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. बॉलपेन झटकलं. "नाव?"

"सुगंधा गुणाजी परब."

"वय?"

"त्रेपन्न."

"रंग?"

"सावळी. पण उजळ वाटायची."

"उंची?"

गुणाजीनं उभं राहून स्वतःच्या खांद्याजवळ हात धरला. हवालदारानं त्या हाताकडे बघून पाच फूट लिहिलं.

"अंगावर काय होतं?"

"हिरवं लुगडं. नवं. हिरव्या बांगड्या. कपाळाला मोठं कुंकू."

"कुठे लग्नाबिग्नाला निघालेली काय? शेवटचं कधी बघितलंत?"

"गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी."

"कुठे?"

"स्मशानात."

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं लिहिलेलं सगळं वरपासून वाचलं. हिरवं लुगडं वाचलं. मग वही हळूच मिटली.

"बाबा, मग हरवली कुठे? जागा तर तुम्हाला ठाऊक आहे."

"मी तेच सांगत होतो मास्तरांना."

हवालदारानं चहा मागवला. चहा पिताना आपलीही आई वैशाखात गेल्याचं सांगितलं. ‘सदर इसमाची बायको हरवलेली नाही’ असं तो लिहून द्यायला तयार होता, पण त्याला नमुना नव्हता.

तोवर बावीस तारीख झाली आणि अख्खी बिल्डिंग क्रियापदात शिरली. जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी हाच विषय. नंदकुमारनं औषधाच्या बाटलीवरून ‘एक्स्पायर्ड’ शोधून काढलं. मास्तर म्हणाले, "अहो, एक्स्पायर परवाना होतो, डाळीचं पीठ होतं." नंदकुमार म्हणाला, माझ्या विम्याच्या सगळ्या फॉर्मात माणसंच एक्स्पायर होतात. बोलाचाली एवढी वाढली की गुणाजीनंच मध्ये पडून ‘माय वाइफ इज एक्स्पायर्ड’ नेऊन दिलं. लाल शाईनं त्याला नूतनीकरणाचा फॉर्म नंबर चार भरायला सांगितलं. त्या संध्याकाळी मास्तर गच्चीवर बराच वेळ फिरत होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

मग मास्तरांनी आपला हुकमी शब्द काढला: ‘पास्ड अवे’. "हे खानदानी आहे," ते म्हणाले. "राणीलाही चालतं." नंदकुमारनं रागारागात टाइप केलं. घंटी बंद. वाक्य लांबलचक, त्यात सुगंधाचं पूर्ण नाव. ‘अवे’ येईपर्यंत कागद संपला होता, तो शब्द नंदकुमारच्या रोलरवर उमटला. अर्जात राहिलं एवढंच: सुगंधा गुणाजी परब पास झाली.

लाल शाई: कोणती परीक्षा?

"दहावीची म्हणून सांगा," शकु म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. हसता हसता तिला रडू आलं. "दुसरीत होती बाय माझी. पास झाली बघा शेवटी." गुणाजीलाही हसू आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. ते आल्याबद्दल त्याला दोन दिवस अपराधी वाटत राहिलं.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "मेली म्हणायला इंग्रजीत सरळ शब्दच नाही काय?"

मास्तरांनी चष्मा काढला.

"आहे," मास्तर म्हणाले. "डाइड. पण ते... कुत्र्यामांजरालाही तेच लावतात परब."

"सुगंधाला मेली म्हणायचं?" शकु म्हणाली. "भावोजी, जीभ तरी कशी वळते तुमची?"

गुणाजीची जीभ वळली नव्हतीच. विचारायला वळली, एवढंच.

तीस तारखेला मेव्हणा अनंता स्वतः आला. एक फणस, कोकमाची पिशवी आणि दाखला. सगळं एकाच पिशवीत, त्यामुळे दाखल्याला फणसाचा वास येत होता. गुणाजीनं तो उलगडला, मृत व्यक्तीचं नाव वाचलं आणि परत घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो एजन्सीत गेला आणि खिडकीत न थांबता चंपाबेनला म्हणाला, "मला साहेबांना भेटायचंय. लाल शाईवाल्यांना."

आतल्या खोलीच्या दारावर ‘जयवंत, मॅनेजर’ अशी पाटी होती. गुणाजीच्या डोळ्यांसमोर टायवाला, पाइप ओढणारा कुणीतरी होता. आत एक बारकासा माणूस डबा उघडून बसला होता. डब्यात सुक्या जवळ्याची चटणी होती. आणि टेबलावर, डब्याच्या शेजारी, पाटाएवढी डिक्शनरी.

"तुम्हीच परब?" तो मराठीतच म्हणाला. "बसा, बसा. तुमच्या अर्जानं माझी झोप उडवली हो."

"साहेब, तुम्हाला कळत नव्हतं, ती गेली ते?"

जयवंतसाहेबांनी डबा मिटला. "पहिल्या दिवशी कळलं. पण मला कळून चालत नाही. गेल्या वर्षी एका बाईचा अर्ज आला, ‘माय हजबंड इज नो मोर विथ मी.’ मला वाईट वाटलं. मी त्याच दिवशी कनेक्शन तिच्या नावावर केलं. आठव्या दिवशी नवरा आला सिलिंडर मागायला! चांगला उंच, धिप्पाड. मी इथून उठून त्या कपाटामागे गेलो. तेव्हापासून वरून लेखी ताकीद आहे. अर्जात जे लिहिलंय तेवढंच वाचायचं. मनानं अर्थ लावायचा नाही."

गुणाजीला त्याचा राग येईना. नोटीस बोर्डाचा माणूस त्याला लगेच ओळखू आला.

"आता एक करा," साहेबांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "इथेच बसून लिहा. ‘माय वाइफ सुगंधा डाइड.’ चार शब्द, हवं तर मी अक्षरं सांगतो. दाखला आणलात ना? मग संपलं. जुनं कार्ड इथे जमा करायचं, त्यावर रद्दचा शिक्का बसेल. नवीन कार्ड गुणाजी परब या नावानं, सोमवारी."

"जुनं कार्ड मला ठेवता येईल?"

"नाही हो. ते वरती जातं, मग जाळतात."

गुणाजीनं पेन हातात घेतलं. साहेब एकेक अक्षर सांगत गेले आणि तो तशी अक्षरं काढत गेला, सुगंधानं काढली असतील तशी, दाबून. ‘माय’ झालं. ‘वाइफ’ झालं. ‘सुगंधा’ला वेळ लागला. मग साहेब म्हणाले, "आता डी."

गुणाजीचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. साहेबांनी परत "डी" म्हटलं. बाहेर चंपाबेन कुणालातरी "तुमचा नंबर गेला काका, उद्या या" असं सांगत होत्या.

"साहेब," गुणाजी म्हणाला, "मी घरी जाऊन लिहितो."

"आज एकतीस आहे परब."

"होय."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग कागदावरच्या ठिपक्याकडे. ड्रॉवरमधून लाल पेन काढून त्यांनी त्याची फाइल उघडली. "जूनअखेरपर्यंत मुदत देऊ शकतो, तोवर सिलिंडर याच कार्डावर मिळेल. पण कारण लिहावं लागेल. काय लिहू? ‘वेट’ करताय? ‘डिले’ करताय? डिले लिहिलं तर चूक तुमची होते. ‘थिंक’ तर वरचे लोक मानणारच नाहीत." ते डिक्शनरी चाळायला लागले.

"लिहा, गेला," गुणाजी उठत म्हणाला.

साहेबांनी मान हलवली आणि लाल शाईत सुबक लिहिलं: ‘द ॲप्लिकंट हॅज गॉन.’ क्षणभर विचार करून पुढे ‘होम’ जोडलं, वरच्यांनी दाखला मागू नये म्हणून.

गुणाजी कार्ड आणि कागद दोन्ही घेऊन घरी आला. शकुनं विचारलं, झालं का? तो म्हणाला, होईल. नंदकुमारनं टाइपरायटरची घंटी दुरुस्त करून आणली होती. मास्तरांना एक नवीन शब्द सापडला होता. दोघांनाही त्यानं नंतर या म्हणून सांगितलं.

मे महिन्यात चंदू आला. बिल्डिंगच्या खाली सायकल लावली आणि सवयीप्रमाणे ओरडला, "सुगंधा परऽऽब! सिलिंडऽऽर!"

गुणाजी गॅलरीत आला. खाली वाकून त्यानं जमेल तेवढ्या मोठ्यानं ओ दिली, "इलंय रेऽऽ!"

आज जूनची एकोणीस तारीख. अर्जाचा कागद गॅसच्या कार्डात घडी करून ठेवलेला आहे. त्यावर ‘माय वाइफ सुगंधा’ एवढं लिहून झालं आहे. क्रियापद लिहायचं राहिलं आहे.